विषाला गाव असतं

सर्पदंशावरच्या इंजेक्शनची कुपी उजेडात धरली, तर आत द्रव दिसत नाही. तळाशी पांढरट, भुसभुशीत भुकटी बसलेली असते. तिच्यात दहा मिलिलिटर निर्जंतुक पाणी सोडायचं आणि कुपी हलकेच गोल फिरवत राहायची. घाईने खळखळून हलवली की फेस होतो. समोर रुग्ण तळमळत असताना परिचारिकेला हात सावकाश चालवावा लागतो, आणि तोही एकदा नव्हे. सुरुवातीलाच अशा आठ-दहा कुप्या लागतात.

इतक्या का, याचा हिशेब सरळ आहे. ठरलेल्या मानकानुसार एक मिलिलिटर औषधाने नागाचं ०.६, मण्यारचं ०.४५, घोणशीचं ०.६ आणि फुरशाचं ०.४५ मिलिग्रॅम विष निकामी झालं पाहिजे. म्हणजे एका कुपीत घोणशीच्या ६ मिलिग्रॅम विषाचा उतारा. घोणस एका दंशात सरासरी ६३ मिलिग्रॅम विष सोडते, असं उपचारपद्धतीत धरलेलं आहे. म्हणून दहाच्या आसपास. लहान मुलालाही तेवढ्याच, कारण समोर मूल आहे म्हणून साप विष कमी सोडत नाही.

गणित चोख आहे, पण त्यात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे : घोणस कुठल्याही शिवारातली असो, तिचं विष सारखंच.

विषांतला फरक असा नजरेआड करण्याची खोड या औषधाइतकीच जुनी. १८९०च्या दशकात आल्बेर काल्मेत या फ्रेंच डॉक्टरने सायगावमध्ये नागाच्या विषावर काम सुरू केलं आणि पुढे घोड्याच्या रक्तातून त्यावरचा उतारा काढला. हा उतारा इतर सापांच्या विषावरही चालेल, असं त्याला वाटत होतं. ऑस्ट्रेलियात मार्टिन, भारतात लॅम्ब आणि ब्राझीलमध्ये व्हितल ब्राझिल यांनी ते खोडून काढलं. नागाच्या विषावरचा उतारा घोणशीच्या विषापुढे हात टेकतो, हे विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच कळून चुकलं. म्हणूनच भारतात नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवर मिळून एकच औषध तयार होऊ लागलं. मुंबईत परळच्या हाफकिन संस्थेचा त्यात मोठा वाटा. सापांच्या जाती वेगळ्या, हे मान्य झालं. एकाच जातीत गावोगाव फरक असेल, हा विचार मात्र मागे राहिला.

औषध करण्याची रीत मुळात तीच राहिली. घोड्याला आधी अगदी थोडं, मग वाढत्या मात्रेने विष टोचायचं. त्याच्या रक्तात प्रतिपिंडं पुरेशी झाली की रक्त काढायचं, त्यातला प्लाझ्मा वेगळा करायचा आणि लाल पेशी घोड्याला परत द्यायच्या. पेप्सिनने प्रतिपिंडांचा नको असलेला भाग तोडायचा, उरलेलं शुद्ध करून गोठवून वाळवायचं. इतकं करूनही ती घोड्याचीच प्रथिनं. काही रुग्णांचं शरीर त्यांच्यावर उसळतं, म्हणून इंजेक्शन देताना अॅड्रेनलिन हाताशी ठेवतात.

आणि घोड्याला टोचायचं विष? ते मुख्यतः येतं तमिळनाडूतल्या इरुला जमातीच्या साप पकडणाऱ्यांकडून. १९७२च्या वन्यजीव कायद्यानंतर सापाच्या कातड्यांचा धंदा बसला आणि पिढ्यान्‌पिढ्या साप धरणारे हे आदिवासी उघड्यावर पडले. सर्पतज्ज्ञ रोम्युलस व्हिटेकर यांच्या पुढाकाराने १९७८मध्ये त्यांची सहकारी संस्था उभी राहिली. चेन्नईजवळ वडनेम्मेलीला ते साप मातीच्या मडक्यात ठेवतात, तोंडाला फडकं बांधतात. काही आठवड्यांत मोजक्या वेळा विष काढायचं, पोटाच्या खवल्यावर खूण करायची आणि साप पुन्हा रानात सोडायचा, असा शिरस्ता. या संस्थेतल्या वडिवेल गोपाल आणि मासी सदैयन यांना २०२३मध्ये पद्मश्री मिळाली. त्यांच्या कौशल्याबद्दल शंका नाही. पण ती घोणस तमिळनाडूची.

आता औषधाची परीक्षा. विष आणि उतारा एकत्र करून ३७ अंशांवर अर्धा तास ठेवतात, मग ते मिश्रण उंदरांना टोचतात आणि दुसऱ्या दिवशी किती जगले ते मोजतात. ही परीक्षा दोन ठिकाणी सोपी पडते. एक, विष आणि उतारा इथे आधीच भेटलेले असतात. माणसाच्या अंगात विष पुढे गेलेलं असतं आणि उतारा तासाभराने मागून धावतो. मण्यारने मज्जातंतूंची टोकं एकदा निकामी केली की औषध ती जोडू शकत नाही, मग दिवसेंदिवस व्हेंटिलेटरच श्वास चालवतो. दुसरं, परीक्षेतलं विषही बहुधा त्याच भागातलं. ज्या मास्तरांनी शिकवलं, त्यांनीच पेपर काढावा, तसा प्रकार.

बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत कार्तिक सुनगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पेपर बाहेरून काढला. वेगवेगळ्या प्रदेशांतल्या सापांचं विष आणून बाजारातली औषधं त्यावर तपासली. काही ठिकाणच्या नागांवर आणि घोणशींवर ती कमी पडली. पट्टेरी मण्यार, सिंध मण्यार असे या चौघांबाहेरचे साप तर कुपीच्या हिशेबातच नव्हते. २०२५मध्ये याच गटाने ३४ ठिकाणच्या ११५ घोणशींचं विष तपासलं, तेव्हा स्थानिक तापमान आणि पाऊस यांच्याशी विषाच्या घडणीचा संबंध दिसला. कोरड्या मुलखात प्रथिनं फोडणाऱ्या विकरांचं प्रमाण जास्त निघालं. मातीप्रमाणे ज्वारीची चव बदलते, तसं विषही मुलूख पाहून बदलतं.

यात जीव किती गुंतलेत? २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसं गेली, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार. बहुतेक खेड्यांतली. २०३०पर्यंत हे मृत्यू निम्म्यावर आणायचे, असा राष्ट्रीय आराखडा केंद्राने २०२४मध्ये जाहीर केला.

घोड्याला वगळण्याची वाटही शोधली जाते आहे. २०२४मध्ये सुनगर यांच्या गटासह आंतरराष्ट्रीय संशोधकांनी प्रयोगशाळेत घडवलेलं एक प्रतिपिंड जाहीर केलं. नाग-मण्यारच्या कुळातल्या सापांच्या विषात मज्जातंतूंवर घाला घालणारी काही प्रथिनं असतात, त्यातल्या एका मोठ्या गटाला ते उंदरांमध्ये रोखतं. घोणस-फुरशाच्या विषाला त्याचा उपयोग नाही, आणि ते रुग्णालयात यायला अवकाश आहे. तोवर जवळचा उपाय म्हणजे विष गोळा करण्याची ठिकाणं वाढवणं आणि औषध ज्या भागात वापरायचं, त्या भागातल्या विषावर ते तपासून घेणं.

तसं होईपर्यंत औषधाची खरी परीक्षा ग्रामीण रुग्णालयातच होते. घोणस किंवा फुरसं चावल्याचा संशय असला की रुग्णाचं दोन मिलिलिटर रक्त काचेच्या स्वच्छ, कोरड्या नळीत घेतात आणि वीस मिनिटं तिला हात लावत नाहीत. मग नळी तिरकी करतात. गाठ जागची हलली नाही तर ठीक. रक्त पाण्यासारखं ओघळलं तर विष रक्ताशी खेळतंय, कुप्या फोडा. औषध दिल्यावर सहा तासांनी पुन्हा नवी नळी, पुन्हा वीस मिनिटं. वडनेम्मेलीच्या मडक्यातल्या घोणशीवर बेतलेलं औषध या गावच्या घोणशीला पुरलं की नाही, ते परिचारिका नळी तिरकी करते तेव्हा कळतं.