वेस्ट व्हर्जिनियातील ऐतिहासिक छायाचित्रे
अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांपैकी ॲपालॅचियन पर्वतातील या राज्याच्या लोकजीवनाची व बांधकामांची दृश्य साधने. ल्यूइस हाइन याने १९०८ मध्ये राष्ट्रीय बालमजूर समितीसाठी येथील कोळशाच्या खाणींत व काचकारखान्यांत राबणाऱ्या मुलांची छायाचित्रे घेतली. मुलांची वये व कामाचे स्वरूप तो टिपून ठेवी. त्यामुळेच या चित्रांना पुराव्याचे मोल आले. मंदीच्या काळात वॉकर एव्हान्स, बेन शान (१९३५) व मॅरिअन पोस्ट वोल्कट (१९३८) यांनी शासनासाठी स्कॉट्स रन खोऱ्यातील खाणकामगारांच्या वसाहती चित्रित केल्या. दिव्यांसाठी रॉकेल घरी नेणारे खाणकामगाराचे मूल हे वोल्कटचे चित्र विशेष प्रसिद्ध आहे. बांधकामांच्या चित्रांतून मात्र मानवी किंमत क्वचितच उमगते. हॉक्स नेस्ट बोगदा खणताना (१९३०–३१) सिलिकाची धूळ फुप्फुसांत जाऊन शेकडो मजूर दगावले. त्यांत बहुसंख्य कृष्णवर्णीय होते.