दोनशेच्या आत: असमानता सोडवणं आणि संख्यारेषेवर दाखवणं

आज असमानता. समीकरणात बहुतेक वेळा एक उत्तर मिळतं, इथे उत्तरांचा अख्खा पट्टा मिळतो, आणि मुलं तिथेच बिचकतात. म्हणून उदाहरण घरातलं घेऊ: द्वारकेतलं विजेचं बिल. गुजरातेतली द्वारका नव्हे हं, दिल्लीतली, सेक्टरांची आणि सोसायट्यांची.

दिल्लीत ऑगस्ट २०१९ मध्ये घरगुती विजेची सवलत सुरू झाली. महिन्याला २०० युनिटांपर्यंत बिल शून्य. २०१ ते ४०० युनिट झाले तर बिलात निम्मी सूट, तीही जास्तीत जास्त ८०० रुपये. त्यापुढे काही नाही. ऑक्टोबर २०२२ पासून ती मागणाऱ्यालाच मिळू लागली. म्हणजे २०१वं युनिट जळलं की फक्त त्या एका युनिटचे पैसे पडत नाहीत, सगळ्या २०१ युनिटांचं निम्मं बिल अंगावर येतं.

समजा, महिना ३० दिवसांचा आणि वीस दिवसांत १४० युनिट झाले. उरलेले दहा दिवस रोज किती वापरायचे? रोजचा वापर क्ष धरू.

१४० + १०क्ष ≤ २००

२०० पूर्ण झाले तरी चालतात, म्हणून चिन्हाखाली रेघ. आता समीकरणासारखंच करा. दोन्ही बाजूंतून १४० वजा केले: १०क्ष ≤ ६०. दोन्ही बाजूंना १० ने भागलं: क्ष ≤ ६.

संख्यारेषेवर ६ वर भरीव टिंब काढा आणि डावीकडची रेषा गडद करा. कुठवर? वापर ऋण नसतो, तेव्हा ० वर भरीव टिंब देऊन थांबा. ही दुसरी अट गणितात लिहिलेली नव्हती, ती मीटरकडून आली.

आता हाच प्रश्न उलटा विचारू. शिल्लक ६० युनिट, त्यातून दहा दिवसांचा वापर गेला तरी बाकी ऋण होऊ नये:

६० − १०क्ष ≥ ०
−१०क्ष ≥ −६०

इथे −१० ने भागताना चिन्ह फिरवलं नाही, तर क्ष ≥ ६ येतं. म्हणजे रोज निदान सहा युनिट जाळा, बिल शून्य! असं कुठलं सरकार देईल? ऋण संख्येने गुणलं किंवा भागलं की क्रम उलटतो: २ पेक्षा ५ मोठे, पण −२ पेक्षा −५ लहान. म्हणून चिन्ह फिरवायचं: क्ष ≤ ६. पहिलंच उत्तर परत आलं.

फ्रिज, पंखे, दिवे मिळून रोज ३ युनिट आणि एसी तासाला दीड युनिट धरला, तर एसीचे तास त:

३ + १.५त ≤ ६, म्हणून त ≤ २.

जूनमधल्या दिल्लीत दोन तास!

निम्म्या सवलतीचा पट्टा, महिन्याचा एकूण वापर य धरून, २०० < य ≤ ४०० असा. इथे २०० वर पोकळ टिंब, कारण २०० आधीच्या पट्ट्यात गेले. ४०० वर भरीव.

आणि वीस दिवसांतच २१५ झाले असतील तर? २१५ + १०क्ष ≤ २०० यातून क्ष ≤ −१.५ येतं. संख्यारेषेवर हा पट्टा आणि क्ष ≥ ० चा पट्टा एकमेकांना शिवतसुद्धा नाहीत. उत्तर नाही. आता उजवीकडे ४०० लिहून पुन्हा मांडायचं: क्ष ≤ १८.५.