वेळासची कासवे आणि ग्रामस्थांचे आतिथ्य

रत्नागिरी जिल्ह्याच्या मंडणगड तालुक्यातील वेळास हे नाना फडणवीसांचे गाव म्हणून परिचित आहे. अलीकडे मात्र पर्यटकांची पावले तिकडे वळतात ती समुद्री कासवांमुळे.

ऑलिव्ह रिडले जातीची मादी साधारणतः हिवाळ्यात रात्री किनाऱ्यावर येते, वाळूत खड्डा करून शंभराच्या आसपास अंडी घालते व खड्डा बुजवून समुद्रात परतते. पिलांकडे ती पुन्हा फिरकत नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाने या कासवास संरक्षण दिले; परंतु अंडी उकरून नेण्याची जुनी सवय केवळ कायद्याने सुटली नाही. चिपळूणच्या 'सह्याद्री निसर्ग मित्र' या संस्थेने २००२ मध्ये येथे काम सुरू केले ते ग्रामस्थांना सोबत घेऊनच. पहाटे मादीच्या खुणांवरून घरटे शोधावयाचे, अंडी कुंपणातील तेवढ्याच खोल खड्ड्यात हलवावयाची आणि पिले बाहेर येईपर्यंत सुमारे दीड-दोन महिने राखण करावयाची, हे काम बाहेरून येणाऱ्याच्या आवाक्यातले नव्हेच.

२००६ पासून कासव महोत्सव भरू लागला. पाहुण्यांचा मुक्काम व जेवण ग्रामस्थांच्या घरी असते. अंडी विकून एकदाच चार पैसे मिळत. तीच वाळूत सुखरूप राहिली तर हंगामभर घराला मिळकत होते. हा हिशेब गावाला समजावून सांगावा लागत नाही.

अडचणी आहेतच. पिले केव्हा बाहेर पडतील हे वाळूच्या उष्णतेवर अवलंबून असल्याने एका दिवसासाठी आलेला पाहुणा विन्मुख परतू शकतो. यजमानाने त्यास हे आधीच सांगणे इष्ट. पिले समुद्रावरील उजेडाच्या रोखाने चालतात, त्यामुळे किनाऱ्यावरील झगझगीत दिव्यांनी त्यांची दिशा चुकते. तेव्हा किनाऱ्यालगत दिव्यांच्या माळा लावून हॉटेले उभारू दिल्यास पाहुणे वाढतील, कासवे मात्र येईनाशी होतील. ज्यांच्या घरी जादा खोली नाही त्यांचे काय, हाही प्रश्न कोणत्याही गावात उद्भवतो. स्वयंपाक, वाटाड्याचे काम, किनाऱ्याची स्वच्छता यांत अशा कुटुंबांना वाटा देणे आणि पाहुणे पाळीपाळीने वाटणे हे ग्रामसभेत, हंगामापूर्वीच ठरलेले बरे.