नाकारलेली निविदा आणि ताटकळणारा रुग्ण

९ जानेवारी २०२१ ला मध्यरात्रीनंतर भंडारा जिल्हा सामान्य रुग्णालयाच्या नवजात शिशू कक्षात आग लागली. १० बाळे दगावली, ७ वाचली. ही आग निविदेच्या वादातून लागली नव्हती. पण रुग्णालयाचा अग्निसुरक्षेचा प्रस्ताव मंजुरीविना पडून असल्याच्या बातम्या तेव्हा आल्या. यंत्रणा कागदावर अडकली की किंमत कोण मोजते, हे आपल्या जिल्ह्याला वेगळे सांगायला नको. म्हणूनच सरकारी खरेदीतील वाद आम्ही आरोग्याच्या पानावर मांडत आहोत.

यंत्रांच्या निविदेत सहसा दोन लिफाफे असतात : तांत्रिक आणि आर्थिक. प्रमाणपत्र, उलाढाल, अनुभव यांपैकी एखादी अट पुरी झाली नाही, तर दराचा लिफाफा उघडतच नाही. ‘आम्हाला बाद का केले?’ इथून वाद सुरू होतो आणि संविधानाच्या अनुच्छेद २२६ खाली उच्च न्यायालयात, आपल्याकडे नागपूर खंडपीठात, पोहोचतो.

हा हक्क आम्ही कमी लेखत नाही. अनुच्छेद १४ मधील समानता सरकारी खरेदीलाही लागू आहे. एखाद्याच कंपनीच्या मापाने अटी बेतल्या असतील, तर दाद मागायलाच हवी. मात्र न्यायालय निर्णयाची प्रक्रिया तपासते, खरेदीदाराच्या जागी बसून निवड करत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९४ च्या टाटा सेल्युलर निकालात स्पष्ट केले. २०२२ च्या एन. जी. प्रोजेक्ट्स निकालात तर काम थांबवण्याऐवजी नुकसानभरपाईचा मार्ग सुचवला.

अशा खटल्यात कंपनी असते, सरकार असते, रुग्ण नसतो. खरेदी रखडली तर पैसेवाला खासगी दवाखाना गाठतो. लाखांदूर-पवनीच्या मजूर आईला मात्र आजारी बाळ घेऊन नागपूरची वाट धरावी लागते.

म्हणून आमची मागणी साधी आहे : अटी आधीच स्पष्ट असाव्यात आणि नाकारल्याचे कारण लगेच, लेखी मिळावे. कारण दडवले की संशय वाढतो, संशयातून खटला उभा राहतो.

आपणही विचारू शकतो. माहिती अधिकाराच्या अर्जाला १० रुपये लागतात, दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला तेही नाहीत. उत्तराची मुदत ३० दिवस. आपल्या रुग्णालयासाठी कोणते यंत्र मागितले, निविदा कधी निघाली, कोणाला कोणत्या कारणाने नाकारले, यंत्र बसले का आणि चालू आहे का? हे प्रश्न येत्या रविवारी विहारात एकत्र बसून लिहून काढू या.