आकड्यांतील शिक्षा

दर वर्षी केव्हातरी वर्तमानपत्रांत एक छोटीशी बातमी येते. अमुक राज्यात अमली पदार्थांच्या खटल्यांपैकी शेकडा इतक्यांत आरोपी दोषी ठरले, तमुक राज्यात शेकडा इतक्यांत ते सुटले, अशी ती बातमी असते. वाचणारा चहाचा पेला खाली ठेवता ठेवता आपले मत बनवून मोकळा होतो. प्रमाण मोठे असेल, तर पोलीस कर्तबगार. लहान असेल, तर न्यायालये ढिली. आकडा बिचारा मुकाट असतो. आपण कशाचे शेकडा आहोत, हे त्याला कोणी विचारल्यावाचून तो सांगत नाही.

तो प्रश्न विचारून पाहावयाचा, तर अमली पदार्थांचे गुन्हे आणि वाहन चालवण्यातील गुन्हे ही जोडी फार उपयोगी पडते. एकाच देशाच्या कायद्याची ही दोन टोके आहेत. एका टोकाला कायद्याने न्यायाधीशाचे हात बांधले आहेत. दुसऱ्या टोकाला माणूस मेला तरी शिक्षा थोडक्यात आटोपू शकते.

अमली पदार्थांविषयीचा आजचा कायदा १९८५ सालचा. तत्पूर्वी अफूसंबंधीचे १८५७ व १८७८ चे कायदे आणि १९३० चा घातक औषधांचा कायदा यांवर काम चालत असे. १९८५ च्या कायद्याने शिक्षा एकदम कडक केल्या. बहुतेक गंभीर गुन्ह्यांना किमान दहा वर्षांची सक्तमजुरी ठरली. पण थोडा माल जवळ असलेला व्यसनी आणि मोठा व्यापारी यांच्यात पुरेसा भेद त्यात राहिला नाही. तो भेद २००१ च्या दुरुस्तीने केला. तेव्हापासून शिक्षा मालाच्या वजनावर ठरते. हेरॉइन पाच ग्रॅमपर्यंत असेल, तर ते अल्प प्रमाण. अडीचशे ग्रॅमच्या वर गेले, की व्यापारी प्रमाण. गांजाच्या बाबतीत हीच मर्यादा एक किलो आणि वीस किलो अशी आहे. अल्प प्रमाणाला जास्तीत जास्त एक वर्षाची कैद, किंवा दहा हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. व्यापारी प्रमाणाला कमीत कमी दहा आणि जास्तीत जास्त वीस वर्षे, शिवाय किमान एक लाख रुपये दंड. याचा अर्थ असा, की दोनशे चाळीस ग्रॅम हेरॉइन बाळगणाऱ्याला न्यायाधीश परिस्थिती पाहून दोन वर्षे देऊ शकतो. दोनशे साठ ग्रॅम असेल, तर दहा वर्षांच्या खाली त्याला येता येत नाही. त्यातच २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असा निर्णय दिला, की शुद्ध अमली द्रव्यात भेसळ असली, तरी वजन एकूण मिश्रणाचेच धरावयाचे. तराजूचा काटा येथे निम्मा न्याय करून टाकतो.

आता दुसरे टोक पाहू. निष्काळजीपणाने कोणाचा मृत्यू घडवणे हा गुन्हा भारतीय दंडसंहितेत १८७० मध्ये कलम ३०४-अ म्हणून घालण्यात आला. त्या वेळी मोटार जन्मालाही आली नव्हती. तरीही पुढे दीडशे वर्षांहून अधिक काळ रस्त्यावरील बहुसंख्य मृत्यू याच कलमाखाली न्यायालयांपुढे येत राहिले. त्याची कमाल शिक्षा दोन वर्षे. किमान शिक्षा काहीच नाही. नुसत्या दंडावरही प्रकरण मिटू शके. १ जुलै २०२४ पासून दंडसंहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली आणि ही मर्यादा पाच वर्षांवर गेली. अपघात करून, कोणाला न कळवता पळून जाणाऱ्याला दहा वर्षांपर्यंत कैद देण्याचे एक पोटकलमही तीत होते. परंतु जानेवारी २०२४ मध्ये मालमोटारींच्या चालकांनी देशभर आंदोलन केले, आणि संहिता अंमलात आणताना तेवढे पोटकलम वगळण्यात आले.

या दोन्ही प्रकारच्या गुन्ह्यांची देशभरची नोंद नॅशनल क्राइम रेकॉर्ड्‌स ब्यूरो ही केंद्र सरकारची संस्था एकत्र करते. ब्यूरो १९८६ मध्ये स्थापन झाला. पण ‘क्राइम इन इंडिया’ हा वार्षिक ग्रंथ १९५३ पासून निघत आला आहे. त्यातील दोषसिद्धीचे प्रमाण काढण्याची रीत अशी आहे: त्या वर्षात जेवढे खटले निकाली निघाले, त्यांपैकी कितींत आरोपी दोषी ठरला. नोंदलेल्या गुन्ह्यांपैकी कितींत, असा हा हिशेब नव्हे. जे खटले पडून आहेत, ते या हिशेबाच्या बाहेर राहतात.

एक काल्पनिक जिल्हा घेऊन हे पाहिले, तर चटकन ध्यानात येईल. समजा, त्या जिल्ह्यात वर्षभरात अमली पदार्थांचे एक हजार गुन्हे नोंदले गेले आणि दोनशे खटले निकाली निघाले. त्या दोनशेंतील दीडशे अगदी किरकोळ; आरोपींनी गुन्हा कबूल केला, दंड भरला आणि ते घरी गेले. उरलेले पन्नास मोठ्या मालाचे. त्यांत साक्षीपुरावे झाले, तीस ठिकाणी शिक्षा झाली, वीस ठिकाणी आरोपी सुटले. आता एकूण दोषसिद्धी एकशेऐंशी, म्हणजे शेकडा नव्वद! जिल्ह्याची वाहवा होईल. पण ज्या मोठ्या व्यापाऱ्यांसाठी हा कडक कायदा झाला, त्यांच्यापुरते पाहिले, तर प्रमाण शेकडा साठच आहे. दोन्ही आकडे खरे आहेत; फक्त ते एकाच प्रश्नाचे उत्तर नाहीत.

प्रत्यक्षातील आकड्यांतही हाच धडा दिसतो. २०२२ साली या कायद्याखाली देशात १ लाख १५ हजारांहून अधिक गुन्हे नोंदले गेले. अमली पदार्थ म्हटले, की लोकांच्या डोळ्यांपुढे पंजाब येतो. परंतु नोंदींच्या संख्येत त्या वर्षी पहिला क्रमांक केरळचा, दुसरा महाराष्ट्राचा आणि तिसरा पंजाबचा होता. केरळातील बहुसंख्य प्रकरणे स्वतःच्या सेवनासाठी माल जवळ बाळगल्याची होती. पंजाबात विक्री-वाहतुकीच्या प्रकरणांचा वाटा बराच मोठा होता. तेव्हा या संख्येत व्यसनाचा फैलाव किती आणि पोलिसांची तत्परता किती, हे निव्वळ बेरजेवरून ठरवता येत नाही. जेथे चिलीम ओढणाऱ्या प्रत्येक मुलाची नोंद होते, तेथे आकडा फुगतो. जेथे त्याला दटावून घरी पाठवतात, तेथे तो रोडावतो.

मोठ्या मालाचे खटले का निसटतात, हेही समजून घेतले पाहिजे. शिक्षा जितकी कडक, तितकी कार्यपद्धती काटेकोर असली पाहिजे, असे न्यायालयांचे धोरण आहे. अंगझडतीपूर्वी संशयिताला, ‘तुम्हांला राजपत्रित अधिकाऱ्यासमोर किंवा न्यायदंडाधिकाऱ्यासमोर झडती देण्याचा हक्क आहे’, असे सांगावे लागते. हे न सांगता घेतलेल्या झडतीत सापडलेल्या मालावर शिक्षा उभी राहू शकत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने १९९९ मध्ये स्पष्ट केले. नमुने घेणे, मोहोर लावणे, ते प्रयोगशाळेत पोचवणे, यांतला एक दुवा निखळला, तरी सारी साखळी तुटते. अशा सुटकेला ढिलाई म्हणणे योग्य नव्हे. ज्या कायद्यात दहा वर्षे हीच किमान शिक्षा आहे, तेथे चुकीच्या माणसाच्या गळ्यात ती पडू नये, यासाठीच ही कुंपणे घातलेली आहेत.

पण सुटलेल्याला खरोखरच शिक्षा झाली नाही काय? व्यापारी प्रमाणाच्या गुन्ह्यात जामीन मिळणे अतिशय कठीण आहे. आरोपी दोषी नाही असे मानण्यास वाजवी कारण आहे, अशी न्यायालयाची आधीच खात्री पटावी लागते. मार्च २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गांजाच्या एका प्रकरणात ज्या तरुणाला जामीन दिला, तो सात वर्षांहून अधिक काळ तुरुंगात होता आणि त्याचा खटला तोवर संपलेला नव्हता. अशा माणसाची ती सात वर्षे दोषसिद्धीच्या कोणत्याच कोष्टकात येत नाहीत. उद्या तो सुटला, तर ‘निर्दोष’ या रकान्यात एकाची भर पडेल, एवढेच. २०२२ च्या अखेरीस देशातील तुरुंगांत ५ लाख ७३ हजार २२० माणसे होती आणि त्यांपैकी ४ लाख ३४ हजार ३०२, म्हणजे दर चारांमागे तीन, कच्चे कैदी होते.

रस्त्यावरील गुन्ह्यांत आकडे वेगळ्या तऱ्हेने हरवतात. ब्यूरोचा एक नियम असा आहे, की एका प्रथम खबरीत अनेक गुन्हे असतील, तर त्यांतील सर्वांत गंभीर गुन्हा तेवढाच मोजावयाचा. मद्य पिऊन गाडी हाकणाऱ्याने कोणाला चिरडले, तर नोंद होते ती मृत्यूची. मद्य त्या मोजणीतून नाहीसे होते. दुसरीकडे, केंद्रीय परिवहन मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये रस्त्यांवर १ लाख ६८ हजार ४९१ माणसे मेली, आणि त्यांतील शेकडा एकाहत्तर मृत्यूंचे कारण अतिवेग असे नोंदले गेले. मद्याच्या नावावर शेकडा अडीचच. मद्य खरोखरच इतके निरुपद्रवी आहे काय? चालक पळून गेला, किंवा जखमी होऊन इस्पितळात पोचला, तर त्याच्या रक्ताची तपासणी वेळेवर होतेच असे नाही. जे तपासले जात नाही, ते कोष्टकातही उतरत नाही. याशिवाय जागच्या जागी दंड भरून मिटवलेली कितीतरी प्रकरणे आहेत. कायद्यानुसार तडजोडीचा दंड भरला, की पुढे खटला चालत नाही. साहजिकच तेथे दोषसिद्धीही नाही.

मुंबईतील एक प्रकरण या संदर्भात आठवावेसे आहे. १२ नोव्हेंबर २००६ च्या पहाटे वांद्र्याच्या कार्टर रोडवर एक मोटार पदपथावर झोपलेल्या मजुरांवर गेली. सात जण मेले, आठ जखमी झाले. चालक मद्य प्यालेला होता. सत्र न्यायालयाने हा निष्काळजीपणा मानून सहा महिन्यांची कैद आणि दंड सांगितला. त्याच वर्षी, २००७ मध्ये, उच्च न्यायालयाने तेच कृत्य सदोष मनुष्यवधात मोडते असे ठरवून तीन वर्षांची सक्तमजुरी दिली, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये ती कायम केली. कृत्य एक, मृत तेच. पण शिक्षा सहापट. दोषसिद्धीच्या कोष्टकात मात्र पहिला निकालही ‘एक’ आणि दुसराही ‘एक’.

येथेच आपल्या राष्ट्रीय आकडेवारीतील मोठी उणीव उघडी पडते. किती दोषी ठरले, हे ‘क्राइम इन इंडिया’ सांगते. त्यांना काय शिक्षा झाली, हे सांगत नाही. इंग्लंड आणि वेल्समध्ये प्रत्येक गुन्ह्याखाली कितींना दंड, कितींना कैद आणि सरासरी किती महिन्यांची, हे नियमाने प्रसिद्ध होते. आपल्याकडे शिक्षेच्या मुदतीची माहिती मिळते ती तुरुंगांच्या वार्षिक आकडेवारीत. परंतु ती ३१ डिसेंबरला तुरुंगात हजर असलेल्यांची गणती आहे. एखाद्या धर्मशाळेत मध्यरात्री जाऊन माणसे मोजावी, त्यातलीच ही गत. महिनाभर मुक्काम ठोकलेले सारे सापडतील. दुपारी येऊन संध्याकाळी निघून गेलेले मुळीच दिसणार नाहीत. दहा वर्षांचा कैदी दहा डिसेंबर मोजला जातो. तीन महिन्यांचा कैदी बहुधा एकदाही नाही. आणि दंड भरून गेलेला तर कधीच नाही.

म्हणून पुढच्या वर्षी ती छोटी बातमी पुन्हा येईल, तेव्हा नागरिकाने तिला तीन प्रश्न विचारावे. हे शेकडा प्रमाण नोंदलेल्या गुन्ह्यांचे, की निकाली निघालेल्या खटल्यांचे? त्यांत किरकोळ किती आणि गंभीर किती? आणि दोषी ठरलेल्यांना नेमके काय भोगावे लागले? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे थोडी खटपट केल्यास ब्यूरोच्या कोष्टकांत सापडतात. तिसऱ्याचे उत्तर प्रत्येक न्यायालयाच्या निकालपत्रात लिहिलेले आहे; ते गोळा करून एका ठिकाणी मांडण्याचे काम तेवढे बाकी आहे. पदपथावर निजणाऱ्या मजुराचा जीव आणि कोठडीत तारीख मोजणाऱ्या तरुणाची वर्षे यांची किंमत हा देश काय करतो, हे त्या कोष्टकावरूनच कळेल.