गोष्टीचा नकाशा : पाच चौकटींत कथा

• भामरागड तालुक्यात अनेक मुलांची घरची भाषा माडिया, शाळेतली मराठी. हेमलकशाच्या लोकबिरादरी प्रकल्पाने (स्थापना १९७३) अशा मुलांसाठी १९७६ साली शाळा सुरू केली.

• अशा तिसरी-चौथीच्या मुलांसाठी आडव्या कागदावर पाच चौकटी आखा : कोण? कुठे? काय अडलं? काय केलं? शेवटी काय झालं?

• मुलांना गोष्ट आधी माडियात सांगू द्या. मग चौकटींत चित्रं, चित्राखाली मराठी शब्द.

• उदाहरणार्थ : मोहफुलं वेचणारी मुलगी; पहाटेचं जंगल; समोर अस्वल; टोपली टाकून ती मागे सरकली; अस्वल फुलं खाऊन निघून गेलं.

• प्रत्येक चौकटीवर दोन वाक्यं लिहिली, की दहा वाक्यांची गोष्ट तयार.

• शुद्धलेखन सर्वांत शेवटी तपासा. आधी मुलाला गोष्ट पूर्ण करू द्या.