कातडीचा पदर

मी डॉक्टर नव्हे. आयुष्य कामगार संघटनेत गेले. आमच्या एका सहकाऱ्याची मान वाफेने भाजली होती. पुढे तो व्रण काढून तेथे खांद्यावरची कातडी सरकवून बसविली; पण आठवड्याभरात तिचे टोक काळे पडले. असे का व्हावे, या प्रश्नाने मला पुस्तकांकडे नेले.

एका बाजूने अंगाला जोडलेली ठेवून उचललेल्या कातडीला डॉक्टर ‘फ्लॅप’ म्हणतात. आपण तिला पदर म्हणू. कावसजी गाडीवानाचे कापलेले नाक कपाळाच्या अशाच पदराने पुन्हा घडविले गेले. ती हकीकत १७९४ साली लंडनच्या मासिकात छापून आली. पदराला रक्त मिळते ते फक्त देठातून. पदर लांबला की टोकाशी रक्त पोचत नाही आणि तेवढा भाग मरतो.

यावर उपाय म्हणजे कातडी उचलण्यापूर्वी तिला तयार करणे. गर्भिणीच्या पोटाची कातडी जशी हळूहळू वाढते, तशीच ही युक्ती. १९५७ साली न्यूमन या अमेरिकन शल्यवैद्याने कानाजवळ रबरी फुगा ठेवून कातडी वाढविली. १९७६ मध्ये रॅडोव्हान यांनी सिलिकोनची पिशवी वापरली. पिशवी कातडीखाली ठेवतात आणि काही आठवडे सुईने थोडेथोडे मिठाचे पाणी भरतात. कातडी नुसती ताणली जात नाही. नव्या पेशी तयार होतात, आणि पिशवीभोवती जे वेष्टन धरते त्यात रक्तवाहिन्यांचे दाट जाळे विणले जाते. मग पिशवी काढून पदर सरकवितात. १९८३ साली डुकरांवर केलेल्या प्रयोगात अशा पदराची जिवंत राहिलेली लांबी साध्या पदराच्या दुपटीहून अधिक भरली.

धोकेही आहेत. पिशवीभोवती पू होतो, कधी ती कातडी फाडून बाहेर डोकावते. ताज्या, उघड्या जखमेजवळ ती ठेवीत नाहीत. आणि विडी ओढणाऱ्याने आधी विडी सोडावी. तंबाखूने रक्तवाहिन्या आकसतात.

या उपचाराचे खरे मोल पिशवीत नाही, सबुरीत आहे. परंतु ज्याची रोजी बुडते तो सबुरी कोठून आणणार? अर्धवट उपचार टाकून तो कामावर धावतो. म्हणून माझे म्हणणे इतकेच, की भरपगारी रजा ही मेहेरबानी नव्हे. तो औषधाचाच एक भाग आहे. पदराला जसे रक्त, तशी रोग्याला रोजी. दोन्ही टोकापर्यंत पोचली पाहिजेत.